वाणसामानाची पारख

शिमगा झाला की आपल्याकडे चटणीचे दिवस येतात. अंगणात, छपरावर मिरच्या वाळत पडतात. बायका घोळक्याने देठ खुडायला बसतात. डंकाची धडधड सुरू झाली की गल्लीत शिंकाही सुरू होतात. दुसरीकडे चटणी म्हटले की खोबऱ्याची नाही तर शेंगदाण्याची चटणी पुढे येते. आपण चटणी म्हणतो ती तिखटाची. कांदा-लसूण घातलेली, वर्षभर बरणीत राहणारी. आमटीत तीच, भाजीत तीच, रश्शात तीच. कालवण नसले तर भाकरीवर तीच, वरून थोडे तेल.

म्हणून हा बाजार लहान नव्हे. मजुरी करणाऱ्या घरातले कैक दिवसांचे पैसे एका सकाळी दुकानात मोडतात. मिरची ओलसर निघाली तर चटणीला बुरशी येते. रंग लावलेली हळद आली तर ती लहान पोरांच्या पोटात वर्षभर जाते. लुगडे खराब निघाले तर ते बाजूला टाकता येते. चटणी टाकायला जीव होत नाही. ती तशीच खाल्ली जाते.

गडमुडशिंगीत आम्ही संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग घेतो. त्या वर्गातल्या एका काकूंनी एकदा आम्हांला अडवले. म्हणाल्या, “गुरुजी, सही करायला शिकलो. बसची पाटी वाचायला शिकलो. पर दुकानात गेलं की मालक देतील ते घेऊन यायचं. तिथं ह्या अक्षरांचा काय उपेग?”

आधीच्या साली काकूंनी सुटे तिखट घेतले होते. स्वस्त मिळाले म्हणून घेतले. त्या तिखटाने कालवण लालभडक व्हायचे, पण जिभेला तिखट लागत नव्हते. वासही नव्हता. बोटाचा लाल रंग मात्र साबणाने जात नव्हता.

प्रश्न रास्त होता. वर्गातली पाच माणसे बरोबर घेऊन आम्ही कोल्हापूरला लक्ष्मीपुरीत गेलो. तिकडे भुसार आणि किराणा मालाची जुनी दुकाने आहेत. एकाने विचारले, “आपल्या शेजारी गांधीनगरचा एवढा मोठा बाजार हाय, मग कोल्हापूर कशाला?” बोलणे खरे होते. पण गांधीनगरचे नाव आहे ते मुख्यतः कापडाच्या घाऊक व्यापारासाठी. जाता जाता सांगतो, गांधीनगर जिथे आहे तिथे, वळिवड्याला, दुसऱ्या महायुद्धात पोलंड देशातून निर्वासित झालेल्या लोकांची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५००० पोलिश माणसे, बहुतेक बायका आणि मुले, तिथे राहिली. पुढे फाळणीनंतर सिंधी कुटुंबे त्या जागी आली. त्यांनी बाजार उभा केला. त्यांच्या जेवणात कमळाचे देठ लागतात, डाळिंबाचे वाळवलेले दाणे लागतात. जसे गिऱ्हाईक तसा माल दुकानात येतो. आपल्याला त्या दिवशी मिरची-मसाला पाहिजे होता, म्हणून आम्ही लक्ष्मीपुरी धरली.

मसाल्याच्या दुकानात पाय ठेवला की आधी नाक जागे होते. पुढे पोत्यांची रांग. पोत्यांची तोंडे गुंडाळून मागे सारलेली. मागच्या फळीवर बरण्या आणि डबे. प्रत्येक पोत्यात पुठ्ठ्याची एक पाटी खोचलेली, तिच्यावर नाव आणि भाव. आम्ही म्हणालो, “आज कोणी काही विकत घ्यायचे नाही. आधी पाट्या वाचायच्या.” दुकानाचे मालक हसले. म्हणाले, “वाचा की गुरुजी. गर्दी व्हायच्या आधी वाचून घ्या.”

धने, जिरे, तीळ ही नावे सगळ्यांनी पटापट वाचली. खसखस वाचताना एकजण अडखळला, कारण तीच दोन अक्षरे दोनदा येतात. बडीशेप, शहाजिरे, तमालपत्र इथवर गाडी बरी चालली. जोडाक्षर आले तिथे थांबली. जायपत्री. चक्रफूल. काकूंनी दगडफुलाची पाटी वाचली आणि त्या एकदम म्हणाल्या, “अगं बया! हेच व्हय दगडफूल? मी आजवर नुसतं काळं पालापाचोळ्यासारखं असतं ते द्या, असं म्हणत हुते.”

असे पुष्कळांचे होते. जिन्नस वर्षानुवर्षे घरात येतो. वास ओळखीचा असतो, नाव मात्र ठाऊक नसते. म्हणून यादीत ते येत नाही. मग दुकानदार ‘गरम मसाला’ म्हणून एक तयार पुडी हातात देतो. त्या पुडीत स्वस्त जिन्नस भरपूर आणि महाग जिन्नस नावाला, असेही होऊ शकते. नाव येत असले म्हणजे जिन्नस वेगळा मागता येतो, वेगळा तोलून घेता येतो.

दगडफूल हे फूल नव्हे. झाडाच्या सालीवर आणि खडकावर ते शेवाळासारखे वाढते. कच्चे असताना त्याला फारसा वास नसतो. तेलात परतले की वास सुटतो. लवंग मात्र खरोखरीच फुलाची कळी आहे, उमलण्याआधी खुडून वाळवलेली. नागकेशरही कळीसारखे दिसते. जायफळ आणि जायपत्री एकाच फळातून निघतात. आत बी असते ते जायफळ. त्या बीला जाळीसारखे लाल वेष्टन असते, ते वाळले की जायपत्री. चक्रफूल आठ पाकळ्यांचे असते आणि ते मुख्यतः चीन आणि व्हिएतनाम या देशांत पिकते. आपल्या चटणीच्या बरणीत निम्मे जग बसलेले असते, ते असे.

आणि मिरची? तीही इथली नव्हे. आपल्या पूर्वजांच्या जेवणात तिखटपणा होता तो मिरीचा. १४९८ साली वास्को द गामा हा पोर्तुगीज दर्यावर्दी कालिकतला आला, तो मसाल्यांच्या शोधात, त्यात मिरी मुख्य. पुढे पोर्तुगीजांनी अमेरिका खंडातली मिरची आपल्याकडे आणली. मिरीवरून तिला मिरची हे नाव पडले. हे ऐकून वर्गातले एक वयस्कर शेतकरी म्हणाले, “म्हंजे शिवाजी महाराजांच्या आधी दोनशे-अडीचशे वर्सं आपल्याकडं मिरचीच नव्हती?” नव्हती. शेंगदाणाही नव्हता. तोही तिकडूनच आला.

आता मिरचीची पोती. इथे आम्ही बराच वेळ थांबलो, कारण सगळ्यांत जास्त पैसे इथेच जातात.

ब्याडगी मिरची लांब असते आणि तिच्या अंगावर सुरकुत्या असतात. रंग गर्द लाल. तिखटपणा कमी. ब्याडगी हे कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातले गाव आहे. २०११ साली या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक मानांकन म्हणजे अमुक माल अमुक भागाचा, अशी सरकारी नोंद. दुसऱ्या भागातल्या मालाला ते नाव लावून विकता येत नाही. ब्याडगीचा रंग इतका पक्का असतो, की तो काढून ओठाला लावायच्या लालीत आणि नखांच्या रंगातही घालतात. बायका हे ऐकून खूप हसल्या.

संकेश्वरी मिरची आपल्या जवळची. संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात आहे, आणि ही मिरची आपल्या गडहिंग्लज भागातही होते. तिला जवारी मिरची असेही म्हणतात. ती बारीक, लांब आणि चांगली तिखट असते. चव तिचीच. भावही तसाच चढा. गुंटूर मिरची आंध्र प्रदेशातून येते. ती गुळगुळीत आणि तिखट. लवंगी लहान, पण डोळ्यांतून पाणी काढणारी. काश्मिरी रंगासाठी.

मालक म्हणाले, “नुसती ब्याडगी घेतली तर चटणी गोड वाटंल. नुसती संकेश्वरी घेतली तर पोरं जेवायची न्हाईत. दोन्ही मिसळून घ्या.” हे बोलणे आम्हांला पटले. आमच्या घरीही निम्मी-निम्मी घेतात.

मिरची घेताना चार गोष्टी बघाव्यात. मूठभर मिरच्या कानाशी नेऊन हलवा. आत बी खुळखुळले पाहिजे. खुळखुळत नसेल तर मिरची ओली आहे. ओल्या मिरचीचे वजन जास्त भरते. म्हणजे आपण पाण्याला मिरचीचा भाव देतो. दोनचार मिरच्या मधोमध मोडा. आत पांढरट किंवा काळपट बुरशी दिसली तर ते पोते सोडा. या बुरशीत एक विष तयार होते. ते यकृताला बाधते, आणि भाजून, कुटून, शिजवूनही ते पुरते जात नाही. शेंगदाण्यालाही अशीच बुरशी येते, म्हणून खवट किंवा काळा दाणा निवडून टाकावा, कुटात घालू नये. अंगावर पांढुरके डाग पडलेली मिरची स्वस्त मिळते. तिची पूड केली की डाग दिसत नाहीत. सुट्या स्वस्त तिखटात बहुधा हाच माल जातो. चौथी गोष्ट रंगाची. मागच्या सालची मिरची शीतगृहात ठेवून पुढच्या साली विकतात. त्यात फसवणूक नाही. पण तिचा रंग थोडा मंद होतो, म्हणून भाव ताज्या मिरचीचा देऊ नये. “ही यंदाची का मागची?” असे सरळ विचारावे. आमच्या मालकांनी दोन्ही पोती शेजारी शेजारी दाखवली. फरक डोळ्यांना कळला.

काकूंचे मन त्या मागच्या तिखटावरच होते. त्यांनी मालकांना विचारले, “पूड झाल्यावर खरं-खोटं कसं वळखायचं वो?”

पेलाभर पाणी घ्यावे. त्यावर चिमूटभर तिखट अलगद सोडावे. तिखट तरंगत हळूहळू खाली जाते. खाली जाताना पाण्यात रंगाच्या रेघा उतरल्या, तर रंग मिसळलेला आहे. तळाला बसलेला गाळ बोटाने चोळावा. खरखरीत लागला तर विटेची भुकटी किंवा रेती असण्याचा संभव आहे. पण ही परीक्षा अर्धीच आहे. काही रंग पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. सुदान नावाचा लाल रंग तसा आहे. तो कारखान्यात मेणाला आणि तेलाला लावायचा रंग आहे. खाण्यात तो घालायला बंदी आहे, कारण त्याने कर्करोगाचा धोका आहे. २००५ साली इंग्लंडात एका सॉसमध्ये घातलेल्या तिखटात हा रंग सापडला. तो सॉस पुढे इतर पदार्थांत गेला होता. तेव्हा ४०० हून अधिक पदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. एवढ्या पुढारलेल्या देशात हे झाले. म्हणून आम्ही म्हणतो, जमेल त्याने अख्खी मिरची घ्यावी आणि आपल्या डोळ्यांदेखत कुटून आणावी. डंकावर थोडा वेळ मोडतो, ठसका लागतो, तो लागू द्यावा.

हळदीचेही तसेच. सांगली ही हळदीची पेठ. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत पेव खणून त्यात हळद साठवत. २०१८ साली सांगलीच्या हळदीलाही भौगोलिक मानांकन मिळाले. हळकुंड घ्यावे, ते मोडून बघावे. आतून केशरी-पिवळे आणि घट्ट पाहिजे. बाहेरून फारच चकचकीत पिवळे दिसले तर आम्ही ते घेत नाही. हळकुंडाला पिवळेपणा यावा म्हणून काही लोक शिसे असलेला रंग चोळतात. शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते. मूल आजारी दिसत नाही, पण त्याची बुद्धी मंद होते. शाळेत मागे पडते. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या हळदीच्या १०० नमुन्यांत ४७ नमुने असे निघाले. तिथल्या सरकारने छापे घातले, दंड केले, गावोगाव पत्रके लावली. २०२१ साली पुन्हा तपासले, तेव्हा एकाही नमुन्यात शिसे सापडले नाही. म्हणजे हे काम होण्यासारखे आहे. घरच्या पेल्यातल्या पाण्याने मात्र शिसे कळत नाही, हे ध्यानात ठेवा.

मिरी आणि लवंग यांची परीक्षा सोपी. मिरीत पपईच्या वाळलेल्या बिया मिसळतात. पाण्यात टाकले की मिरी बुडते आणि पपईची बी तरंगते. लवंगेचे तेल आधीच काढून घेतलेले असेल तर तीही तरंगते. अशी लवंग सुरकुतलेली असते. नखाने दाबली तरी ओशट लागत नाही.

यानंतर हिंगाची गंमत झाली. वर्गातल्या एका तरुण सुनेने हिंगाची डबी उचलली. डबीवर हिंदीत छापले होते. हिंदीची अक्षरे आपलीच, त्यामुळे तिला वाचता आले. तिने एकेक अक्षर लावत वाचले, “गोंद... गेहूं का आटा... हींग.” मग तिने मान वर केली. “गुरुजी, हिंग शेवटाला हाय. आधी डिंक आनि गव्हाचं पीठ लिवलंय.”

तिने बरोबर पकडले. पुडक्यावर आतले जिन्नस लिहिताना जो वजनाने सर्वांत जास्त असेल तो पहिला लिहायचा, मग त्याहून कमी, मग त्याहून कमी, असा कायदा आहे. म्हणजे त्या डबीत डिंक आणि पीठ जास्त आणि हिंग सर्वांत कमी. तिने मालकांकडे रागाने बघितले. मालकांनी समजावले, “काकी, ही भेसळ न्हवं. निव्वळ हिंग इतका उग्र असतोय की डाळीत चिमूट टाकली तर डाळ कडू हुईल. म्हणून पिठात बांधत्यात. उघड लिहून इकत्यात.” हेही खरे. निव्वळ हिंग खड्याचा असतो, महाग असतो, आणि पेटवला तर कापरासारखा जळतो. हिंगाचे झाड थंड, कोरड्या मुलखातले. आपल्याकडे हिंग येतो तो अफगाणिस्तान, इराण अशा देशांतून. आपल्या देशात त्याची पहिली लागवड २०२० साली हिमाचल प्रदेशात लाहौलच्या खोऱ्यात झाली. सुनेने शेवटी तीच डबी घेतली. पण काय घेतो आहोत, हे कळून घेतली.

ही युक्ती सगळ्या पुडक्यांना लागू पडते. ‘बदाम’ नाव असलेल्या बिस्किटात बदाम कितवा आहे, ते बघा. ‘फळांचा रस’ म्हणून पोरे मागतात त्या बाटलीत साखर कितवी आहे, ते बघा. पुष्कळ पुडक्यांवर फक्त इंग्रजी असते, ही अडचण खरी आहे. पण आकडे सगळीकडे सारखेच. इंग्रजी आकडे दहाच आहेत आणि ते तुम्हांला भिंतीवरच्या दिनदर्शिकेमुळे आणि फोनमुळे आधीच येतात. तेवढ्यावर निम्मे काम होते.

पुडक्यावर आकडे शोधावेत ते असे. पहिला किमतीचा. रुपयाचे चिन्ह आपल्या ‘र’ सारखे आहे, त्याच्या डोक्यावर दोन आडव्या रेघा. हे चिन्ह २०१० साली ठरले. त्यापुढचा आकडा म्हणजे जास्तीत जास्त किंमत, सगळे कर धरून. त्याहून एक पैसाही जास्त मागता येत नाही. कमी घेता येतो. म्हणून “छापलेल्याहून काही कमी करा की” असे म्हणायला लाजू नये. दुसरा आकडा निव्वळ वजनाचा. तिसरा तारखेचा. माल कधी बांधला आणि कधीपर्यंत वापरावा, हे त्यावरून कळते. चौथा आकडा १४ अंकी असतो. खाण्याचा माल करणाऱ्याचा तो परवाना क्रमांक. तो नसेल तर ते पुडके घेऊ नये. शाकाहारी पदार्थावर चौकोनात हिरवा ठिपका असतो, हे बहुतेकांना माहीत आहे. अॅगमार्कचे चिन्ह म्हणजे सरकारी प्रतवारीत उतरलेला माल. त्याचा कायदा फार जुना, १९३७ सालचा.

वजन आणि किंमत जोडून बघण्याचा हिशेब आम्ही तिथेच करायला लावला. समजा, ५० ग्रॅम धनेपूड ३५ रुपयांना आहे आणि २०० ग्रॅम ११० रुपयांना. कोणती स्वस्त? २०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅम चार वेळा बसतात. चार पस्तीस एकशे चाळीस. म्हणजे मोठ्या पुडक्यात ३० रुपये वाचतात. एका शेतकऱ्याने हिशेब बोटांवर आमच्या आधी केला. लगेच काकू म्हणाल्या, “पर चार म्हैनं ती पूड उघडी पडली, की वास उडून जाईल. मग तीस रुपयं वाचून काय करायचं?” अगदी खरे. पूड महिन्याला पुरेल एवढीच घ्यावी. अख्खे धने मात्र जास्त घेऊन ठेवायला हरकत नाही.

सुट्या मालाचे वजन करताना काट्याकडे बघावे. काटा आता विजेवर चालतो. माल ठेवण्याआधी त्यावर शून्य दिसले पाहिजे. पातेले किंवा टोपली ठेवून तोलत असतील तर तिचे वजन वजा केले का, ते विचारावे. आमच्या लहानपणी शेर, अच्छेर, पावशेर, छटाक अशी वजने घरोघर बोलण्यात होती. किलो-ग्रॅमचा कायदा १९५६ साली झाला आणि १९६२ पर्यंत नवी वजने सक्तीची झाली. तरी म्हाताऱ्या बायका अजून “पावशेर द्या” म्हणतात आणि दुकानदार २५० ग्रॅम देतो. जुना पावशेर सुमारे २३३ ग्रॅमचा होता. म्हणजे इथे गिऱ्हाइकाचे सतरा ग्रॅम वाढले! असा फायदा क्वचितच होतो.

तेलाबद्दल थोडक्यात. सुटे तेल घेऊ नये. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळलेले निघाले. अंगाला सूज येऊन ६० हून अधिक माणसे दगावली. आपल्या बांधावर उगवतो तोच हा काटेरी धोतरा. त्याची बी मोहरीसारखी काळी आणि बारीक असते. ओळखीच्या घाण्यावर आपलेच शेंगदाणे घालून तेल काढून आणले, तर गोष्ट वेगळी.

परतताना आम्ही शाहूपुरीवरून आलो. ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसवली. शेतकऱ्याचा गूळ इथेच विकला जावा, त्याला हक्काची पेठ मिळावी, हा हेतू. याच महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा हुकूम काढला. आम्ही मास्तर असल्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त होतो. ३० किलोचे रवे ओळीने मांडलेले असतात. २०१४ साली कोल्हापुरी गुळालाही मानांकन मिळाले.

गुळाच्या बाबतीत आपलीच आवड आपल्याला फसवते. आपल्याला गूळ पिवळाधमक पाहिजे. गिऱ्हाईक तसा मागते, म्हणून काही गुऱ्हाळांत रस उकळताना रंग उजळणारी पावडर घालतात. तिच्यातून गंधकाचा अंश गुळात राहतो. त्याला कायद्याने मर्यादा घातली आहे, ती ओलांडली तर दमेकऱ्याला त्रास होतो. जुन्या पद्धतीत रसावरची मळी काढायला रानभेंडीचा चिकट रस घालत. अजूनही काही ठिकाणी घालतात. तो गूळ तांबूस, थोडा काळपट दिसतो. चवीला तोच चांगला. कोणी गुळात साखरही मिसळतात. असा गूळ दाताखाली साखरेसारखा कुरकुरतो. बरोबरच्या शेतकऱ्यांचा स्वतःचा ऊस आहे. ते म्हणाले, “आमच्या ऊसाचा गूळ काळा म्हणून आम्हीच घेत न्हाई, दुकानातला पिवळा आणतो.” यावर सगळे गप्प झाले.

तांदळाचे सांगायचे राहिले. दुकानात आजरा घनसाळ नावाची पाटी होती. आजऱ्याकडचा हा बारीक, वासाचा तांदूळ. त्याला २०१६ साली मानांकन मिळाले. सणाला पावकिलो, अर्धा किलो घ्यावा, रोजच्या जेवणाला तो परवडणार नाही. पाटी वाचून एकीने तो मागून घेतला. तिचे माहेर आजऱ्याचे होते, आणि इतकी वर्षे तो तांदूळ कोल्हापुरात मिळतो हे तिला ठाऊक नव्हते.

चटणीची यादी आम्ही फळ्यावर लिहून दिली होती. ज्यांना पाहिजे त्यांनी ती उतरून घ्यावी. मिरची १ किलो, निम्मी ब्याडगी, निम्मी संकेश्वरी. सुके खोबरे २०० ग्रॅम. धने २०० ग्रॅम. तीळ १०० ग्रॅम. जिरे ५० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम. लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल, चक्रफूल, नागकेशर, जायपत्री, मसाला वेलदोडा, तमालपत्र हे प्रत्येकी १० ग्रॅम. हळकुंड २ आणि हिंगाचा खडा १. घरचा लसूण पावकिलो, कांदा अर्धा किलो, आले आणि कोथिंबीर. मीठ चवीप्रमाणे, पण थोडे चढेच, म्हणजे चटणी टिकते. घरोघर यात फरक असतो आणि प्रत्येक घराला आपलीच यादी खरी वाटते. त्यावर वाद घालू नये.

सामान घेतल्यावर पावती मागावी. मालकांनी काकूंना पावती दिली, तेव्हा त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली. चौदा नावे, चौदा आकडे. एका ठिकाणी त्या थांबल्या. खसखस ५० ग्रॅम घेतली होती आणि पावतीत १०० ग्रॅम लागली होती. खसखस सगळ्यांत महाग जिन्नसांपैकी एक. काकूंनी बोट ठेवून दाखवले. मालकांनी लगेच पैसे परत केले. म्हणाले, “गर्दीत नजर चुकली, मावशी.” असेल. मनात पाप नसतानाही चूक होते. पण पावती वाचली नसती तर ते पैसे गेलेच होते.

दुकानदार ऐकत नसेल, छापलेल्या किमतीहून जास्त घेत असेल, तर १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार सांगता येते. हा सरकारी ग्राहक सेवेचा क्रमांक आहे. पावती आणि रिकामे पुडके जपून ठेवावे. ग्राहकाच्या रक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला, नवा २०१९ साली. जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक आयोग आहे. लहान रकमेच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

चटणी कुटून आणली की गरम असताना बरणीत भरू नये. परातीत पसरून गार होऊ द्यावी. चिनी मातीची किंवा काचेची बरणी धुऊन उन्हात कडकडीत वाळवावी. चटणी दाबून भरावी, मधे मधे हिंगाचे खडे ठेवावेत, तोंडाला फडके बांधावे. रोजच्या वापराची चटणी लहान डब्यात वेगळी काढावी. ओला चमचा मोठ्या बरणीत घालू नये. बरणीवर कागद चिकटवून त्यावर तारीख आणि कोणती मिरची किती घातली ते लिहावे, म्हणजे पुढच्या शिमग्याला आठवत बसावे लागत नाही. मृगाच्या आधी एकदा बरणी उघडून बघावी. वास उतरला असेल किंवा ओल धरल्यासारखी वाटली, तर चटणी पुन्हा परातीत काढून एक दिवस ऊन द्यावे. आभाळ भरून आल्यावर ते जमत नाही.